अकरावा रकाना

साळूबाई पारठे भोरच्या पहिल्या एसटीनं आल्या,
स्वारगेटपासून चालत,
रिक्षावाल्यानं दीडशे सांगितले म्हणून.
साडेदहाला सैनिक कल्याणचं कुलूप निघालं
तेव्हा पायरीवर बसून
भाकरीचा उरलेला कोर मुंग्यांना घालत होत्या.

पिशवी खताची, तिच्यात पिशवी साखरेची,
तिच्यात नवऱ्याचं धोतर, धोतरात पुस्तक.
तपकिरी, तळहाताएवढं, कोपरे वाळवीनं चाखलेले.
"बँकेतला म्हनला, हितं नोंद पायजे.
नोंद नसंल तर तुमचा मानूस
शिपाईच नव्हता म्हनं."

माझं काम साधं. पुस्तकातलं नोंदवहीत,
नोंदवहीतलं संगणकात.
नंबर. हुद्दा. कोंडीबा रामजी पारठे.
उंची पाच फूट चार.
ओळखखूण : डाव्या भुवईवर व्रण.
"त्यो बैलानं," त्या म्हणाल्या, "लगीन व्हायच्या आधी."
वर्तणूक : चांगली.
मग अकरावा रकाना.
सेवामुक्तीचं कारण.

इंग्रजीत, उजवीकडं झुकलेलं अक्षर,
शाई निळी असावी, आता तांबूस.
दोन ओळी आणि कुणा मेजरची सही.
वाचल्या.
वाचल्याशिवाय रकाना भरता येत नाही.
घोरपडीकडून मालगाडी गेली.
डबे मोजायची खोड आहे मला,
त्या दिवशी मोजायचे राहिले.

मान वर केली तर बाई पुस्तकाकडं नाही,
माझ्या तोंडाकडं बघत होत्या.
"वाचलंस?"
"हो."
"मला नगं सांगूस."

"चाळीस वर्सं ट्रंकंत हुतं. किल्ली माझ्या कमरंला.
वाटलं असतं तर मास्तराकडनं वाचून घेतलं असतं.
रातीचा दचकून उठायचा. मी पानी द्यायची.
तेवढं माझं.
बाकीचं त्येचं त्येला."

मग पदर सारखा करत, हळूच :
"आता हे कोन कोन बघंल?"
मी नियम सांगितला. स्वतः शिपाई.
तो नसेल तर पत्नी. तिच्यामागं वारस,
अर्ज आणि ओळखपत्र घेऊन.
भावकी नाही, पंचायत नाही, पेपरवाले नाहीत.
"वारस न्हाई मला."
"मग कुणीच नाही."
"आन् तू?"

कपाटाची किल्ली माझ्याकडं असते, पासवर्डही.
नियम त्यापुढं काही बोलत नाही.
"मी विसरते," म्हटलं.
त्या हसल्या. दात दोनच होते, पण हसल्या.
"आसं ठरवून इसरता येतं व्हय गं?"
डावा अंगठा उठवला, शाई केसांना पुसली,
धोतर झटकून घडी घातली
आणि पुस्तक परत त्यात.

दिवाळीनंतर फोन आला. त्यांच्या गावातून.
"मॅडम, आमच्यात कमान चाललीय, माजी सैनिकांची.
पारठे कुठल्या लढाईत जखमी झाले तेवढं सांगा,
कोरणारा बसून आहे, त्याचा रोज चढतोय."
देता येत नाही, म्हटलं.
"अर्ज केला तर?"
तरी नाही.
"मग लढाईत जखमी, असंच टाकतो."
"टाकू नका. नाव टाका. नंबर टाका."
"अहो, नुसत्या नावाला
दगड कशाला घालवायचा?"

आवक-जावकमध्ये लिहिलं :
दूरध्वनी. माहिती नाकारली. वेळ ३.२०.
कपाट लावलं, मूठ दोनदा ओढून पाहिली.

त्या दोन ओळी मला अजून पाठ आहेत,
स्वल्पविरामासकट.
परवा रात्री दचकून उठले.
पाणी माझं मीच घेतलं.